अमेरिकेचा प्रोग्रेसिव्ह एरा कसा अभ्यासायचा: एक कायदा धरा आणि उलटं चालत जा

अमेरिकेच्या इतिहासातला साधारण १८९० ते १९२० चा काळ, ज्याला प्रोग्रेसिव्ह एरा म्हणतात, तो बहुतेक जण प्रेसिडेंटच्या नावांनी पाठ करतात. थिओडोर रुझवेल्ट, मग टाफ्ट, मग विल्सन, प्रत्येकाच्या नावाखाली चार चार कायदे, आणि परीक्षा संपली की आठवड्यात सगळं डोक्यातून साफ. मला ही पद्धत अजिबात पटत नाही, कारण यातले बरेचसे कायदे प्रेसिडेंटच्या टेबलवर जन्मलेच नाहीत. ते जन्मले शिकागोच्या वस्तीत, न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यात, विस्कॉन्सिनच्या विधानसभेत, कुठल्यातरी मासिकाच्या ऑफिसात, आणि दिल्लीला म्हणजे तिकडच्या वॉशिंग्टनला ते सगळ्यात शेवटी पोचले. म्हणून उलटं करायचं. एक कायदा हातात घ्यायचा आणि मागे मागे चालत जायचं, जोपर्यंत ज्याच्या अंगावर बेतलं तो माणूस सापडत नाही तोपर्यंत. मग तिथून परत पुढे यायचं आणि बघायचं की कायदा टिकला का, कुणाला लागू झाला आणि कुणाला नाही. एवढीच पद्धत आहे, पण ती नीट कशी वापरायची ते उदाहरणं घेऊन सांगतो, कारण नुसती पद्धत सांगून काही कळत नाही.

सुरू करायच्या आधी दोन तीन घोळ मिटवून घ्या. एक म्हणजे रुझवेल्ट दोन आहेत. थिओडोर १९०१ ते १९०९ प्रेसिडेंट होता, तो या काळातला. फ्रँकलिन १९३३ नंतरचा, त्याचा न्यू डील, म्हणजे मंदीतून देश सावरायचा सरकारी कार्यक्रम. दुसरं, प्रोग्रेसिव्ह चळवळ आणि प्रोग्रेसिव्ह पार्टी या एकच गोष्ट नाहीत. पार्टी निघाली १९१२ मध्ये, थिओडोर रुझवेल्टला रिपब्लिकन पक्षाने तिकीट नाकारलं तेव्हा. पण सुधारणा मागणारे लोक रिपब्लिकनांत होते, डेमोक्रॅटांत होते, आणि त्यांच्या डावीकडे सोशलिस्ट होते ज्यांच्या यूजीन डेब्सला त्याच १९१२ च्या निवडणुकीत सुमारे ९ लाख मतं पडली. म्हणजे ही एक चळवळ नव्हतीच, डझनभर चळवळी होत्या, त्यातल्या काही एकमेकींच्या विरोधातसुद्धा होत्या. तिसरं, आज अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह म्हणतात त्याचा चष्मा लावून तो काळ बघू नका, दारूबंदी ही त्या काळातली एक मोठी सुधारणा होती एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता कायदा निवडा. पहिल्या वेळी शक्यतो राज्याचा कायदा घ्या, केंद्राचा नको, कारण राज्याच्या कायद्याच्या मागे चालणं सोपं असतं, माणसं कमी आणि जागा एकच. मी सगळ्यांना न्यूयॉर्क राज्याचे १९१२ ते १९१४ चे कारखाना कायदे घ्यायला सांगतो. फायर ड्रिल सक्तीची, उंच कारखान्यांत स्प्रिंकलर, कामाच्या वेळात दरवाजांना कुलूप नाही, बायकांना आठवड्याला ५४ तासांच्या वर काम नाही, असे तीसहून जास्त कायदे तिथे दोन तीन वर्षांत झाले. एवढे कायदे एकदम का झाले हा प्रश्न वहीवर लिहा आणि मागे फिरा.

मागे गेलात की पहिल्यांदा लागतो एक आयोग, फॅक्टरी इन्व्हेस्टिगेटिंग कमिशन, जून १९११. अध्यक्ष रॉबर्ट वॅगनर, उपाध्यक्ष अल स्मिथ. इथे थांबा, कारण इथेच पहिली गंमतीची नाही तर खरंच विचार करायला लावणारी गोष्ट आहे. हे दोघं टॅमनी हॉलचे. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्कमधली डेमोक्रॅटांची ती मशीन, नोकऱ्या वाटून मतं गोळा करणारी, जिच्या भ्रष्टाचाराविरुद्ध शहरातले सुशिक्षित सुधारक वर्षानुवर्षं बोंबलत होते. आणि कामगारांसाठी सगळ्यात ठोस काम कुणी करून दाखवलं तर या मशीनच्याच दोन माणसांनी. त्यांना कळलं होतं की त्यांचे मतदार याच कारखान्यांत जातात. म्हणून अभ्यास करताना सुधारक म्हणजे चांगले आणि मशीनवाले म्हणजे वाईट अशी खाती पाडू नका, नाव आलं की त्याने त्या कायद्याला मत कुठे दिलं तेवढं बघा.

त्याच्या मागे आग. २५ मार्च १९११, शनिवार, संध्याकाळचे पावणेपाच वगैरे, सुटी व्हायची वेळ. मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ऍश बिल्डिंग, तिचे वरचे तीन मजले, आठवा नववा दहावा, ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीकडे. शर्टवेस्ट म्हणजे तेव्हाच्या फॅशनचं बायकांचं ब्लाऊज. आग आठव्यावर लागली, तिथले बहुतेक बाहेर पडले, दहाव्यावर फोन गेला, तिथे मालक बसायचे, ते गच्चीवरून सुटले. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण सुटीच्या वेळी मुलींच्या पर्स तपासता याव्यात म्हणून सगळ्यांना एकाच दाराने सोडायचे. बाहेरची लोखंडी शिडी वजनाने कोसळली. फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ जण गेले, बहुतेक इटालियन आणि ज्यू घरांतल्या तरुण मुली, पुष्कळ जणींनी खिडकीतून उड्या मारल्या. बिल्डिंग मात्र फायरप्रूफ होती, ती आजही उभी आहे, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ताब्यात.

खाली रस्त्यावर बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होती, कन्झ्युमर्स लीग या कामगारांच्या परिस्थितीसाठी झटणाऱ्या ग्राहक संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेची सेक्रेटरी, जवळच्याच एका घरी चहाला आली होती आणि आवाज ऐकून धावत गेली. पुढे आयोगाच्या कामात तीच आमदारांना कारखाने दाखवत फिरली. वॅगनरला तिने एका कारखान्यात भिंतीतल्या बारक्या भोकातून सरपटत जायला लावलं, कारण त्या भोकाबाहेर बर्फ जमलेली शिडी होती आणि तिला कागदोपत्री फायर एस्केप म्हणत होते. मला या सगळ्या काळातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते. भाषण देऊन झालं नसतं ते त्या भोकाने केलं.

बरेच जण इथे आगीपाशी थांबतात, आग लागली म्हणून कायदे झाले असं लिहून मोकळे होतात. थांबू नका, अजून एक पाऊल मागे जा. आगी आधीही लागत होत्या, माणसं आधीही मरत होती, मग याच आगीनंतर का? उत्तर आहे १९०९ चा संप. २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियनच्या हॉलमध्ये सभा होती, पुढारी तासनतास बोलत होते, तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची विशीतली शिलाई कामगार उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यू कामगारांच्या भाषेत, म्हणाली की आता बोलणं पुरे, सरळ संप करायचा. दुसऱ्या दिवसापासून सुमारे २० हजार कामगार बाहेर, बहुतेक मुलीच. पोलीस त्यांना मारत होते, उचलत होते, तेव्हा श्रीमंत घरच्या बायका त्यांच्याबरोबर पिकेटिंगला, म्हणजे कारखान्याबाहेर निदर्शनाला, उभ्या राहिल्या आणि पेपरांना एकदम बातमी दिसायला लागली. फेब्रुवारी १९१० मध्ये संप मिटला, बऱ्याच कारखान्यांनी युनियनशी करार केला, ट्रँगलने युनियनला मान्यता दिली नाही. आणि मागण्यांमध्ये काय होतं माहितीये, नीट फायर एस्केप आणि उघडे दरवाजे, हेसुद्धा होतं. म्हणजे आग लागली तेव्हा शहराला या मुली माहीत होत्या, त्यांनी काय मागितलं होतं तेही माहीत होतं. संघटना आधी तयार होती म्हणून आगीचं रूपांतर कायद्यात झालं. मालक ब्लँक आणि हॅरिस डिसेंबर १९११ मध्ये कोर्टातून निर्दोष सुटले तेही याच पानावर लिहून ठेवा, कारण सरकार फौजदारी खटला हरलं तरी कायदे झाले हे विसरून चालत नाही.

आता हीच पानं पुढे उलटा. पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेची कामगार मंत्री झाली, कॅबिनेटमधली पहिली बाई. वॅगनरच्या नावाचा युनियनचा हक्क देणारा कायदा १९३५ चा. म्हणजे न्यू डील समजून घ्यायचा असेल तरी रस्ता याच नवव्या मजल्यावरून जातो.

दुसरा कायदा घ्याल तेव्हा तो असा घ्या जो कोर्टात पडला. हे मुद्दाम करायचं, नाहीतर असं वाटायला लागतं की लोकांनी मागितलं आणि सरकारने दिलं. बालमजुरी यासाठी सगळ्यात चांगली. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साधारण साडेसतरा लाख मुलं कामावर होती, शेतीवर तर होतीच पण कापड गिरण्यांत, कोळशाच्या खाणींवर, काचेच्या भट्ट्यांत, रात्रपाळीलासुद्धा. १९०४ मध्ये नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी स्थापन झाली आणि १९०८ पासून त्यांनी लुईस हाइन या मास्तरला कॅमेरा देऊन देशभर फिरवलं. गिरणीवाले आत घेत नसत म्हणून तो कधी बायबल विकणारा बनून जायचा कधी मशीनचे फोटो काढणारा, आणि मुलाची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा म्हणजे नंतर खोटं म्हणता येऊ नये. हे पाच हजारांवर फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. बघताना नुसता चेहरा बघून पुढे जाऊ नका, खालची कॅप्शन वाचा, गाव, गिरणी, तारीख, मूल स्वतःचं वय किती सांगतं आणि हाइनला ते खरं वाटलं की नाही, किती वर्षं कामावर आहे, पगार किती, हे सगळं तो लिहून ठेवायचा. मग एकाच गावाचे दहा फोटो एकत्र लावून बघा. एक फोटो बघून वाईट वाटतं, दहा बघितले की गिरणी कशी चालायची ते कळतं, घरातल्या सगळ्या भावंडांना एकाच खात्यात लावलंय वगैरे.

मग कायद्याचा माग काढा, आणि हा माग लांब आहे, धीर ठेवा. १९१६ मध्ये कीटिंग ओवेन कायदा झाला. केंद्र सरकारला राज्यातल्या कारखान्यात थेट शिरता येत नव्हतं म्हणून त्यांनी युक्ती अशी केली की १४ वर्षांखालची मुलं राबवणाऱ्या कारखान्याचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवता येणार नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या एका गिरणी कामगार बापाच्या नावाने केस टाकली गेली, की माझ्या मुलांना काम करायचा हक्क आहे, पाठीमागे पैसा अर्थातच गिरणी मालकांचा. १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने कायदा रद्द केला. त्या मुलांतल्या एकाने पुढे पत्रकाराला सांगितलं की केस जिंकून मला काही मिळालं नाही, माझं शिक्षण तेवढं गेलं. १९१९ मध्ये मग कर लावून बघितलं, तोही १९२२ मध्ये रद्द. १९२४ मध्ये थेट घटनादुरुस्ती मांडली, ३६ राज्यांची मंजुरी लागत होती, २८ वर गाडी अडली ती अडलीच. शेवटी १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ऍक्ट, आणि तो कोर्टात टिकला १९४१ मध्ये. म्हणजे हाइनच्या पहिल्या फोटोपासून तेहतीस वर्षं, त्या फोटोतली पोरं तोवर चाळिशीत पोचली. ही तारखांची माळ एका पानावर उभी लिहा आणि भिंतीला लावा, कुठलंही पुस्तक वाचताना उपयोगी पडते.

कोर्टाचा निकाल वाचायला घाबरू नका, इंग्रजी जड असलं तरी सगळा वाचायचा नसतो. पहिल्यांदा बघा मतं किती विरुद्ध किती. मग बहुमताच्या निकालाचे शेवटचे दोन परिच्छेद. मग विरोधी मत, जे बहुतेक वेळा छोटं आणि धारदार असतं. असे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. १९०५ चा लॉकनर, न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांना दिवसाला १० तासांची मर्यादा घालणारा कायदा कोर्टाने रद्द केला, म्हणे मालक आणि कामगार यांच्या करार करायच्या स्वातंत्र्यावर गदा येते. आणि तीनच वर्षांनी १९०८ चा म्युलर, ओरेगॉनचा बायकांसाठीचा १० तासांचाच कायदा, तो मात्र एकमताने मान्य. काय बदललं मधे? एक म्हणजे वकील लुई ब्रँडाइस आणि त्याची मेहुणी जोसेफीन गोल्डमार्क. तिने आणि फ्लॉरेन्स केलीच्या कन्झ्युमर्स लीगने जगभरच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे, डॉक्टरांचे रिपोर्ट गोळा केले आणि कोर्टात शंभरावर पानांची जी ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, गेली तिच्यात कायद्याचे मुद्दे जेमतेम दोन पानं होते, बाकी सगळी माहिती. कोर्टात आकडेवारी घेऊन जायची पद्धत तिथून पडली. पण दुसरं कारणही प्रामाणिकपणे लिहा, कोर्टाने मान्य केलं ते बाई दुबळी असते, तिच्या आईपणाची काळजी सरकारने घ्यायला हवी या पायावर. बायकांना तास मिळाले आणि त्याच निकालाचा आधार घेऊन पुढे कित्येक वर्षं बायकांना कामं नाकारलीही गेली. दोन्ही खरं आहे.

या केलीवर मात्र थोडं जास्त वेळ घालवा अशी विनंती. १८८९ मध्ये जेन ऍडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर हल हाऊस सुरू केलं. स्थलांतरितांच्या वस्तीत शिकलेल्या बायकांनी स्वतः राहायला जायचं, पाळणाघर, वर्ग, क्लब चालवायचे, ही सेटलमेंट हाऊसची कल्पना. शिकागो तेव्हा अशी फुगत होती की १८९० ला ११ लाख वस्ती होती ती १९१० ला २२ लाखांच्या जवळ. केली तिथे राहायला आली आणि तिने घराघरात जाऊन कोण कुठे किती तास कपडे शिवतं ते नोंदवलं, कुटुंबाची मिळकत आणि मूळ देश रंगाने दाखवणारे नकाशे १८९५ मध्ये छापले. १८९३ ला इलिनॉयमध्ये फॅक्टरी कायदा झाला आणि ती राज्याची चीफ फॅक्टरी इन्स्पेक्टर झाली, तिला तेव्हा स्वतःला मतदानाचा हक्क नव्हता. त्या कायद्यातलं बायकांच्या ८ तासांचं कलम १८९५ मध्ये राज्याच्या कोर्टाने उडवलं. हल हाऊसमधलीच ज्युलिया लॅथ्रॉप १९१२ ला केंद्राच्या चिल्ड्रन्स ब्युरोची प्रमुख झाली. कुठलाही कायदा घ्या, मागे चालताना दहातल्या चार पाच वेळा तुम्ही या एका घराच्या दारात येऊन पोचता.

मासिकांबद्दल थोडक्यात सांगतो कारण तो भाग सगळ्यांना माहीत असतो. आयडा टार्बेलची स्टँडर्ड ऑइल या तेलाच्या मक्तेदार कंपनीवरची लेखमाला १९०२ पासून मॅक्लूर्स मासिकात आली, कंपनी १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने फोडली. अप्टन सिंक्लेअरची जंगल ही कादंबरी १९०६ ची, शिकागोच्या कत्तलखान्यांवर. इथे एकच सवय लावून घ्या, कायद्यात काय आलं हे बघताना काय आलं नाही तेही बघा. सिंक्लेअरला कामगारांचे हाल दाखवायचे होते, तो स्वतः म्हणाला की मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता, लागला पोटात. ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न औषधाचा असे दोन कायदे एकाच दिवशी सही झाले, खाणाऱ्यांचं रक्षण झालं, कापणाऱ्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. आणि तपासणीचा खर्च कंपन्यांवर टाकायचा, डब्यावर तारीख छापायची, ही मूळ मसुद्यातली कलमं मधल्यामध्ये गळाली. मसुदा आणि अंतिम कायदा शेजारी ठेवले की कोण किती जोर लावत होतं ते आपोआप दिसतं.

घटनादुरुस्त्या चार आहेत आणि त्या सुट्या पाठ करू नका, एकमेकींत अडकलेल्या आहेत. सोळावी आयकराची, सतरावी सिनेटर थेट लोकांनी निवडायची, दोन्ही १९१३. अठरावी दारूबंदीची १९१९, एकोणिसावी बायकांच्या मताची १९२०. आता बघा, आयकर येण्याआधी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा दारूवरच्या करातून यायचा, तो असेपर्यंत दारूबंदी शक्यच नव्हती. आयकर आला आणि दारूबंदीवाल्यांचा मोठा अडसर गेला. आणि दारू आणि बायकांचं मत हेही जोडलेलं, दारू कंपन्या बायकांच्या मताला विरोध करायला पैसा ओतत होत्या कारण बायका मत देऊ लागल्या तर आपलं दुकान बंद होईल ही त्यांना भीती. दारूबंदी पुढे १९३३ मध्ये मागे घेतली गेली, या चौघींतली तेवढीच एक.

एकोणिसावीचा माग काढताना अमेरिकेचा नकाशा घ्या आणि राज्यं रंगवत जा, खरंच रंगवा. वायोमिंग १८६९, तेव्हा ते राज्यसुद्धा नव्हतं, कोलोरॅडो १८९३, युटा आणि आयडाहो १८९६, मग चौदा वर्षं काही नाही, मग वॉशिंग्टन १९१०, कॅलिफोर्निया १९११. सगळा रंग पश्चिमेला. पूर्वेचं पहिलं मोठं राज्य न्यूयॉर्क, १९१७. त्याच वर्षी जानेवारीपासून ऍलिस पॉलच्या संघटनेतल्या बायका व्हाइट हाऊसच्या गेटवर बॅनर घेऊन काही न बोलता उभ्या राहायच्या, त्यांना तुरुंगात टाकलं, उपोषण केलं तर नळीने जबरदस्तीने खाऊ घातलं. दुसरीकडे कॅरी चॅपमन कॅटची मोठी संघटना राज्याराज्यात शांतपणे मतं मोजत होती. दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं आणि माझ्या मते दोघींशिवाय झालं नसतं. ४८ पैकी ३६ राज्यं हवी होती, छत्तिसावं टेनेसी, ऑगस्ट १९२०, तिथे हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार विरोधकांचा लाल गुलाब लावून बसलेला, खिशात आईचं पत्र की मत दे बाळा बायकांच्या बाजूने, आणि त्याने दिलं.

यानंतरचं काम कुणाला आवडत नाही पण ते केल्याशिवाय अभ्यास पूर्ण होत नाही. प्रत्येक कायद्यापुढे लिहा की हा कुणाला लागू नव्हता. १९२० नंतरही दक्षिणेत काळ्या बायकांना मत देता येत नव्हतं, त्यांच्या पुरुषांना आधीच साक्षरतेच्या परीक्षा आणि पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायला भरायचा कर, लावून बाहेर काढलं होतं, तो अडथळा खऱ्या अर्थाने १९६५ ला हटला. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात आयडा बी वेल्सला सांगितलं गेलं की तुम्ही मागे वेगळं चाला, तिने ऐकलं नाही आणि मधेच आपल्या इलिनॉयच्या तुकडीत शिरली. ज्या विल्सनच्या सह्या फेडरल रिझर्व्ह या केंद्रीय बँकेच्या आणि ट्रेड कमिशनच्या कायद्यांवर आहेत, त्याच्याच सरकारने १९१३ पासून केंद्राच्या ऑफिसांत काळ्या गोऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. म्हणून १९०९ मध्ये स्थापन झालेली एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठीची संघटना आणि तिथल्या ड्यू बॉइस यांचं क्रायसिस मासिक हे प्रोग्रेसिव्ह एराच्या बाहेरचं प्रकरण समजू नका, ते आतलंच आहे. इंडियानाचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९०७ चा, तोही तज्ज्ञांनी समाज सुधारायचा म्हणूनच केला. आणि जो जस्टिस होम्स लॉकनरमध्ये आणि बालमजुरीच्या केसमध्ये कामगारांच्या बाजूने विरोधी मत लिहितो, तोच १९२७ मध्ये एका तरुण मुलीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता देणारा निकाल लिहितो, आणि तोवर सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झालेला ब्रँडाइसही त्याच्याच बाजूने मत देतो. आपल्या लोकांपुरतं बघायचं तर १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना दार बंद झालं आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये ठरवलं की हिंदी माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही.

जुने पेपर शोधताना दोन गोष्टी सांभाळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा पेपरांचा साठा फुकट आहे, पण तिथे आजचे शब्द टाकून काही सापडत नाही, त्या वेळचे शब्द टाकावे लागतात, काळ्या लोकांसाठी तेव्हा वापरायचे ते शब्द आज आपण वापरणार नाही पण शोधताना तेच लागतात. आणि लग्न झालेल्या बाईचं नाव बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने छापलेलं असतं, १९०९ च्या संपात पैसा आणि वेळ देणारी अल्वा बेलमाँट पेपरात मिसेस ओ एच पी बेलमाँट अशी सापडते. नवऱ्याची आद्याक्षरं आधी शोधून ठेवा. ट्रँगलच्या आगीचे जबाब, फोटो, वर्तमानपत्रं कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या कील सेंटरने वेगळ्या साइटवर नीट लावून ठेवलीत, तिथे एक रविवार सहज जातो.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर पंडिता रमाबाईंचं युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त आहे, १८८९ चं. त्या १८८६ ते १८८८ तिकडे होत्या, म्हणजे हा काळ सुरू व्हायच्या जरा आधी, पण बायकांच्या संघटना, दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलर्ड यांचं काम, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघून लिहिलंय. हल हाऊस निघालं ते हे पुस्तक आलं त्याच वर्षी.

आणि डॉ. आंबेडकर. ते जुलै १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात पोचले आणि १९१६ पर्यंत तिथे होते. आयकराची दुरुस्ती १९१३ च्याच फेब्रुवारीत मंजूर झालेली, आणि त्यांचे गुरू सेलिग्मन हे तर करशास्त्रातले आयकराचे मोठे पुरस्कर्ते. दुसरे गुरू जॉन ड्युई, ज्यांचं शिकागोत असताना हल हाऊसमध्ये जाणंयेणं होतं. ट्रँगलवाला आयोग त्यांच्या मुक्कामातच काम करत होता. आता यावरून लगेच अमुकचा प्रभाव तमुकवर असं लिहू नका, ते कागदाने दाखवावं लागतं. पण तारखा शेजारी मांडून प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात प्रसूती रजेच्या बिलावर बोलताना आंबेडकर म्हणतात की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि १९०८ च्या म्युलर निकालातही बाईचं आरोग्य हा सार्वजनिक हिताचा विषय म्हणूनच येतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा, कुठे सारखे आहेत आणि कुठे फाटे फुटतात ते स्वतः खुणा करून बघा, कोर्टाचा भर बाईच्या दुबळेपणावर आहे, आंबेडकरांचा कशावर आहे?

पहिल्यांदा नेमकं काय उघडू असं कुणी विचारलं तर मी २ नोव्हेंबर १९१५ सांगतो. त्या दिवशी न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या मतावर सार्वमत झालं आणि ते पडलं, दोन वर्षांनी तिथेच पास झालं. त्या आठवड्याचे न्यूयॉर्कचे पेपर क्रॉनिकलिंग अमेरिकावर उघडा, कुणी काय म्हणून विरोध केला ते एका पानावर उतरवून घ्या, मग १९१७ च्या नोव्हेंबरचे उघडा आणि बघा त्यातलं कोण गप्प झालंय.